हळद्याची चूक शेजाऱ्याची

भूतलावर मुरलेला माणूस एकच आहे आणि बाकीचे सगळे कालपरवा येऊन टेकलेले आहेत, असं मनापासून मानणारे गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिले. ते म्हणजे आमचे कासारवाडीचे घरमालक. तो मुरलेला माणूस कोण, हे सांगायला नको. त्यांच्या घरामागून जाणारी रेल्वे त्यांच्या आजोबांच्या लहानपणची, पण गाडी गेली आणि फडताळातली भांडी वाजली, की ते म्हणत, "नवी हाय अजून. हितल्या मातीत बसली न्हाई, म्हनून एवढी खडखडती." देवळातल्या गुरवांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी खेडच्या बाजूने आलेलं. त्यांचा उल्लेख मालक "नवं गुरव" असाच करत. मग जुने कुठे गेले, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "जुनं व्हतं कुठं? म्हनून तर ह्यांना आनलं." खुद्द त्यांच्या पत्नीला, ज्यांना आम्ही काकू म्हणत असू, निघोज्याहून नांदायला येऊन तीस वर्षं होत आली होती. तरी आमटीत मीठ कमी पडलं की मालक माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात सांगत, "नवी हाय. व्हईल सवय." काकू चुलीपासून न उठताच उत्तर देत, "नवी म्हनं! तुमच्या आईला शेवटचं पानी मी पाजलं, तवा तुमी बाजारात बैल बगत व्हता." मालक आपल्या हाताने मीठ घालून घेत. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा नव्या.

मी तर पुण्याहून आलेला. पुणं तिथून सायकलवर जाऊन यावं इतकं जवळ; पण मी जहाजातून उतरल्यासारखं मालकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाने उठू लागले होते आणि त्यांतल्या एका पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात मला कारकुनी मिळाली होती. मालकांच्या अंगणातल्या दोन भाड्याच्या खोल्यांपैकी एक मी घेतली. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला गावातून फिरवून आणलं. कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कोणाचं कुत्रं भुंकतं आणि कोणाचं न भुंकता चावतं, कोणत्या दुकानदाराशी आपलं बोलणं नाही आणि म्हणून माझंही कसं नाही, हे सगळं समजावलं. त्यानंतर वर्षभर माझं नाव "आमचं नवं" असं होतं. पोस्टमन माझ्या नावाने हाक मारायचा आणि मालक ओसरीवरून ओरडायचे, "नवं आतमधी जेवतंय!" माणूस नपुंसकलिंगी झाला की त्याला राग येतो, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. मला राग आला नाही, कारण बोलावणं कायम जेवणाच्या संदर्भात असायचं.

पण मालकांचं खरं तेज पाहायला मिळायचं ते कारखान्यात. त्यांची माळावरची जमीन कारखान्याच्या कुंपणात गेली आणि त्यापोटी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जावई घरी आलेला असताना, ते लेथवर, म्हणजे लोखंड कातण्याच्या यंत्रावर, कामगार म्हणून उभे राहिले. आपला लेथ नेमका आपल्या बाजरीच्या वाफ्यात उभा आहे, असं ते सगळ्यांना सांगत. पुढे मांडणी बदलली आणि तो लेथ दोनदा हलवला, तेव्हा बाजरीही त्याच्याबरोबर दोनदा हलली. यंत्राशी त्यांचं वागणं बैलाशी असावं तसं होतं. सकाळी त्याच्या पाठीवर थाप मारायची, स्वतःच्या चहाआधी त्याला तेल पाजायचं, पट्टा घसरून आवाज करू लागला की "हो, हो, हो" म्हणून चुचकारायचं आणि दुपारी भर उन्हात त्याला सावली देण्यासाठी खिडकीला पोतं लावायचं. एवढं करूनही त्यांच्या हातून उतरणारा पंपाचा दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक, म्हणजे थेट गाजरासारखा असे. फोरमन तो हातात घेऊन त्यांच्याकडे बघत राहायचा. मालक म्हणत, "जमिनीचा गुन हाय. हितं गाजर चांगलं यायचं."

आता इथल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. कारखान्यात नवा भरती झालेला कामगार पहिले सहा महिने दंडाला पिवळं फडकं बांधायचा. डोक्यावरून फिरणारे पट्टे, वरून येणारं ओझं, कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही हे ज्याला अजून ठाऊक नाही, तो दुरून ओळखू यावा एवढाच त्यातला हेतू. पण अंगाला पिवळं लागलेला माणूस आपल्याकडे एकच, नवरदेव. तेव्हा या मंडळींना कोणीतरी "हळद्या" म्हटलं आणि ते चिकटलं. हळद्याला कोणीही हाक मारावी, कोणीही त्याची टोपी उडवावी, लग्न कधी, वरात कुठे, असं विचारून त्याला लाल करावं. हा झाला एक भाग. दुसरा भाग असा, की हळद्याच्या कामाकडे शेजारच्या लेथवाल्याने स्वतःचं काम थांबवून मधूनमधून बघायचं; आणि हळद्याच्या हातून काही बिघडलं तर ती चूक त्या शेजाऱ्याची धरायची. त्याने बिघडवलेला पहिला नग तर कोणाला दाखवायचाच नाही. शेडच्या मागे खड्डा खणून, हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तो पुरायचा आणि खोबरं सगळ्यांनी खायचं. फोरमन त्या वेळी आभाळाकडे बघत उभा राहायचा, पण खोबऱ्यासाठी हात मात्र मागे पसरलेला असायचा. शेडच्या मागची ती जमीन मालकांच्या मते कारखान्यातली सर्वांत सुपीक जमीन होती, कारण तिच्यात सगळ्यांच्या चुका होत्या.

अठ्ठेचाळीस वर्षांच्या, पांढऱ्या मिशांच्या, गावच्या जुन्या माणसाच्या दंडाला कालच्या पोरांनी हे फडकं बांधलं, तेव्हा तो आता खवळणार म्हणून अर्धी शेड काम सोडून बघत होती. मालकांनी दंड पुढे केला आणि म्हणाले, "घट्ट बांध. दुसऱ्यांदा लावतोय हळद. काकूला सांगू नका कोनी." आणि मग ते फडकं त्यांनी उतरवलंच नाही. घरी, शेतात, जत्रेत, ते दंडाला. पुतण्याची सोयरीक जमवायला खेडला गेले तेही फडकं बांधूनच. मुलीकडच्यांनी बराच वेळ ते न्याहाळलं आणि अखेर मुलीच्या चुलत्याने भीत भीत विचारलं, "पाव्हणं, तुमी कोन्या पक्षाचं?" मालक म्हणाले, "आमचा पक्ष शिकायचा हाय." लग्न जमलं. सहा महिने झाले, मालक कायम झाले, तरी फडकं जाईना. शेवटी फोरमनने त्यांना बाजूला घेऊन पटवलं, की हळद्याचा शेजारी हळद्या कसा चालेल? तुम्ही सोडल्याशिवाय दुसऱ्या नव्या माणसाला शेजारी कोण? ही मात्रा लागू पडली. तेव्हापासून प्रत्येक नवा माणूस आपल्याच शेजारच्या लेथवर घाला, असा मालकांचा हट्ट सुरू झाला. त्यांच्या शेजारी शिकलेल्या माणसाला लेथ येत नसे. पण तो माणूस कारखान्यात टिकत असे.

मला या हळद्या प्रकरणाबद्दल पहिल्यापासून थोडी शंका होती. "आम्ही लाडाने म्हणतो" हे म्हणणाऱ्याचं म्हणणं असतं; ऐकणाऱ्याला सहसा कोणी विचारत नाही. जगातला कोणताही अपमान स्वतःची ओळख लाड म्हणूनच करून देतो, असं मी मालकांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तुमाला नवं म्हनलो तवा तुमी रागावला व्हय?" मी म्हटलं, नाही. "मंग झालं तर," असं म्हणून त्यांनी वाद जिंकला. काकू मात्र भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लाड करनाऱ्याला लाड वाटून काय उपेग? ज्याचा करायचा त्याला लागाय पायजे." मालक म्हणाले, "नवी हाय."

अशात दुसऱ्या खोलीत लिंबाजी आला. हा मराठवाड्यातला, परभणीकडचा. उंच, काळासावळा, बोलायला मोजका, वय चाळिशीच्या आसपास. तिकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो मुकादम होता. हाताखाली अकरा माणसं. जिनिंग बंद पडलं, अकरा माणसं अकरा दिशांना गेली आणि मुकादम आमच्या कारखान्यात नव्याने भरती झाला. बायको आणि दोन मुली गावीच होत्या. दिवाळीला त्यांना इकडे आणायचं, तोवर नोकरीत पाय रोवायचा, असा त्याचा बेत होता. तो डोक्यावर ट्रंक घेऊन अंगणात शिरला आणि मालकांनी ओसरीवरून दोन्ही हात पसरून गर्जना केली, "या हळदे, या!"

लिंबाजीने ट्रंक खाली ठेवलीच नाही. तसाच वळला आणि स्टेशनकडे चालू लागला. मी धावत जाऊन त्याला फाटकापाशी गाठलं. तो म्हणाला, "कारखान्यात सकाळपासून पोरं तेच म्हणायलेत. तितं ठीक हाय, पोटासाठी ऐकून घेतलं. घरीबी तेच? उद्या माझ्या लेकरांदेखत कुणी मला हळद्या म्हणलं, तर मी लेकरांकडं कुण्या तोंडानं बगायचं, सांगा तुमीच." मी नुसती ट्रंक धरून ठेवली. ती जड होती, त्यामुळे तो थांबला.

मालक खरोखर बुचकळ्यात पडले होते. "शिवी दिली का राव मी?" असं ते रात्रभर विचारत होते. लिंबाजी राहिला, पण मालकांच्या "हळदे, च्या घ्या" या रोजच्या हाकेला त्याने एकदाही ओ दिली नाही. काकू मग नुसतंच "भावजी, च्या" म्हणत आणि तो चहा घेऊन जाई. कारखान्यात तो अर्थातच मालकांच्या शेजारच्या लेथवर होता. मालक दर अर्ध्या तासाने आपला बैल, म्हणजे यंत्र, थांबवून त्याच्या कामात डोकं घालत आणि लिंबाजी त्या वेळी हात मागे बांधून भिंतीकडे बघत उभा राही. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, आणि अशी भांडणं मिटत नाहीत.

याच सुमारास कारखान्यात कामगारांच्या कल्याणासाठी एक नवे अधिकारी मुंबईहून आले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांनी मनुष्याच्या प्रतिष्ठेवर बरंच वाचलं होतं आणि ती प्रतिष्ठा वाटण्याची त्यांना घाई होती. त्यांनी एकेकाला बोलावून अडचणी विचारल्या. लिंबाजीने आपली सांगितली. पंधरवड्यात शेडमध्ये समारंभ झाला. एका पंपाला हार घातला होता. तो पंप का निवडला हे कोणालाच कळलं नाही. साहेबांनी भाषणात सांगितलं, की स्वतंत्र देशातल्या श्रमिकाला असल्या हिणकस नावाने हाक मारणं हा त्याच्या आत्म्याचा अवमान आहे. आजपासून तो शब्द बंद. ते फडकंही बंद. यापुढे नव्या कामगाराला "नवागत बंधू" म्हणावं. टाळ्या पडल्या. त्या ओसरल्यावर मागून मालकांचा आवाज आला, "साहेब, तुमाला हितं येऊन किती दिवस झालं?"

"दीड महिना. का?"

"काय न्हाई. म्हंजे तुमीबी हळदेच की. काय अडलंनडलं तर सांगा."

साहेब हसले नाहीत. शेड हसली, आणि त्या हसण्यात साहेबांच्या वहीत मालकांच्या नावापुढे एक खूण पडली, हे मी साहेबांच्या जवळ बसलेला असल्यामुळे मला दिसलं.

पुढे जे घडलं ते प्रतिष्ठेच्या पुस्तकांत नसावं. शब्द बदलला, तोंडं तीच राहिली. "ओ नवागत बंधू, जरा सरकता का, का आरती करू?" असं आठ दिवसांत सुरू झालं, आणि महिन्याभरात "नवागत बंधू" ही अशी शिवी झाली की दोन कामगार त्यावरून हातघाईवर आले. ते चालून गेलं असतं. पण फडकं गेलं त्याबरोबर शेजारीही गेला. हळद्याची चूक शेजाऱ्याची. नवागत बंधूची चूक कोणाची, हे साहेबांनी भाषणात सांगितलं नव्हतं. कोणी आपलं काम थांबवून दुसऱ्याकडे बघेना. मालक तेवढे सवयीने लिंबाजीच्या लेथकडे वळत; पण आता लिंबाजीला कायद्याचा आधार होता. तो म्हणाला, "मालक, तुमी तुमचं बगा. मी नवा न्हाई." मालकांना ते लागलं. त्यांनी दोन्ही यंत्रांच्या मध्ये आपलं खिडकीचं पोतं टांगलं आणि पलीकडे बघणं सोडून दिलं.

आणि एके सकाळी लिंबाजीने मापाचं नवंच मिळालेलं हत्यार उलट्या बाजूने धरून दांडे उतरवायला घेतले. चूक साधी होती. ते हत्यार पहिल्यांदा हातात आलं की प्रत्येक जण ती करायचा आणि शेजारी ती पकडायचा. लिंबाजीला मध्ये एकदा शंका आली होती, हे त्याने पुढे मला सांगितलं. पण विचारायचं म्हणजे आपण नवे आहोत हे कबूल करायचं. अकरा माणसांच्या मुकादमाने ते केलं नाही. जेवणाच्या भोंग्यापर्यंत त्याने मन लावून, एकसारखे, सुरेख आणि संपूर्णपणे निरुपयोगी दांडे तयार केले. फोरमनला ते लपवणं शक्य नव्हतं; तेवढा मोठा खड्डा त्याच्याकडे नव्हता. चौकशी लागली. कायम व्हायच्या आधीचा माणूस. नोकरी जाणार हे सगळेच धरून चालले होते. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. मी कारकून म्हणून लिहायला बसलो होतो. शेजारच्या लेथवरचा माणूस म्हणून साक्षीला मालक. साहेबांनी विचारलं, "तुम्ही काय पाहिलं?"

"पाह्यचं काय त्यात? चूक माझी हाय."

"तुमची? दांडे यांनी बिघडवले ना?"

"त्यांनीच. पन शेजारी मी. हळद्याची चूक शेजाऱ्याची. काढायचं तर मला काढा."

साहेब ताठ झाले. "तो शब्द आपण बंद केला आहे."

"शब्द बंद केला तुमी साहेब. शेजारी कुठं बंद केला? का त्येचाबी समारंभ झाला, अन् मी नव्हतो?"

तोवर भिंतीकडे बघत उभा असलेला लिंबाजी एकदम पुढे आला. "साहेब, यांचं काही ऐकू नका. चूक माझी हाय. मला कुणाचा उपकार नको."

"उपकार?" मालक उसळले. "आरं, माझी चूक मला देशील का न्हाई? तुला कोनी दिली ती?"

"मी केली, माझी हाय!"

"तू हळद्या हाईस, तुला चूक करायचा अधिकार न्हाई! ती माझ्या नावावर पडती!"

"मी हळद्या न्हाई!"

"मंग कोन हाईस?"

"मी मुकादम हाव!"

साहेब टेबलावर हात आपटत होते, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला कोणी मोकळं नव्हतं. अपराध नाकबूल करणाऱ्यांशी कसं वागावं हे ते शिकलेले होते. एकच अपराध दोघे एकमेकांच्या हातातून हिसकावून घेत आहेत, हे त्यांना नवं होतं. त्यांनी फोरमनकडे पाहिलं. फोरमन नेहमीच्या सवयीने छताकडे बघत होता. तो छतालाच म्हणाला, "दोघं काढले तर दोन लेथ रिकामे पडतील, साहेब. आणि एकाला काढायचं, तर कोणाला ते ह्या दोघांनी आधी ठरवू दे." मी मान खाली घालून लिहीत होतो, आणि लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. अखेर साहेबांनी निकाल दिला: दोघांनीही आठवडाभर बिनपगारी घरी बसावं. खोलीतून बाहेर पडताना मालक दारात थांबले आणि म्हणाले, "बरा निकाल दिला. शिकाल तुमी." माझा टाक कागदावर घसरला.

तो आठवडा आमच्या अंगणाने कसा काढला हे अंगणालाच ठाऊक. दोघे समोरासमोर, एक ओसरीवर, एक खोलीच्या दारात, आणि बोलणं बंद. काकू दोघांना एकाच वेळी चहा देत आणि म्हणत, "बगा, दोन जावई बसल्यात." तिसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर मालक कुदळ घेऊन अंगणाच्या कोपऱ्यात उभे. शेजारी लिंबाजीने बिघडवलेला एक दांडा पडलेला. तो त्यांनी चौकशीच्याच दिवशी भंगारातून धोतराच्या सोग्यात लपवून आणला होता. "शेडमागं पुरू देत न्हाईत म्हनून काय झालं," ते कोणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाले. "जमीन काय त्यांच्याकडंच हाय? थोडी आमच्याकडं उरलीय." आणि त्यांनी खणायला सुरुवात केली.

लिंबाजी दारातून बघत राहिला. मालक खणत होते ते रागाने, म्हणजे माती खड्ड्यातून बाहेर येण्यापेक्षा परत खड्ड्यात जास्त जात होती. काही वेळाने दारातून आवाज आला, "असं खणतेत का?"

मालक थांबले.

"कुदळ वरून नगा आणू. गुडघ्यात वाका. वाका अजून. माती आधी त्या अंगाला टाका, मंग परत ढासळत न्हाई." तो खाली उतरून खड्ड्याच्या काठाशी आला, कमरेवर हात ठेवले, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याची उंची चार बोटं वाढली. "हं. आता कड सरळ घ्या. सरळ म्हणलं मी. ही सरळ हाय का?"

सात पिढ्या त्या मातीत खणणाऱ्या घरातला तो माणूस, ज्याने रेल्वेलाही नवी म्हटलं होतं, मान वर करून बघू लागला. मला वाटलं, आता गर्जना होणार. मालकांचं तोंड उघडलंही. ओठांवर तो शब्द येताना मी अगदी स्पष्ट पाहिला. मग त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, "आता बरंय का, मुकादम?"

लिंबाजीने खड्ड्याच्या दुसऱ्या बाजूला वळून माती तपासली. मग म्हणाला, "अजून वीतभर खाली घ्या." मालकांनी घेतलं. मग अजून वीतभर. एका दांड्यासाठी गुडघाभर खोल, चारी कडा ओळंब्यात असलेला खड्डा तयार झाला. काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पुरताय का हीर खनताय?" नारळ लिंबाजीने फोडला. खोबरं मालकांनी सगळ्यांत आधी त्याच्या हातावर ठेवलं.

दिवाळीला त्याची बायको आणि दोन मुली आल्या. लिंबाजी फाटकातून त्यांना घेऊन आत शिरला, तेव्हा मालकांनी ओसरीवरून दोन्ही हात पसरले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आले का मुकादम!" मुलींनी बापाकडे बघितलं. तेवढ्यासाठी तो माणूस परभणीपासून इथवर आला होता. साहेबांच्या हुकमाने, समारंभाने, टाळ्यांनी हळद्या हा जो शब्द मालकांच्या तोंडातून गेला नव्हता, तो त्यांनी एका माणसापुरता आपणहून सोडला. मात्र साहेब दिसले की ते मुद्दाम दोन हळद्यांना हाक मारत, आणि आसपास हळद्या नसला तर मलाच मारत.

लिंबाजी त्या खोलीत तीन वर्षं राहिला. पुढे कारखान्याच्या चाळीत त्याला घर मिळालं. सामान बैलगाडीत चढवताना मालकांनी हे असं नाही, तसं लावा, म्हणून एकही सूचना केली नाही. सगळं मुकादमांच्या सांगण्याप्रमाणे उचललं. गाडी वळली तेव्हा ते आत जाऊन रिकामी खोली झाडत बसले.

ती खोली त्यांनी कोणाला दिलीच नाही. माळावर रोज नवी माणसं उतरत होती. सातारची, कोकणातली, कुठकुठली. अंगणात येऊन विचारत. मालक त्यांना पाणी देत, चांगल्या विहिरीची वाट दाखवत आणि खोली नाही म्हणून सांगत. एका संध्याकाळी ते त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेले दिसले, तेव्हा मी न राहवून विचारलं, "मालक, एवढी माणसं परत पाठवता. एखाद्याला ठेवून का घेत नाही?"

ते तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, "नवा मानूस दारात आला, की त्येला काय म्हनायचं तेच सुचत न्हाई आता. हळद्या म्हनावं तर त्येला लागतं, न म्हनावं तर त्यो परकाच ऱ्हातो."

"त्याला नाव विचारावं की," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून नवाच आहे, अशा नजरेने. तंबाखूची चिमूट गालात धरली आणि हळूच म्हणाले, "नाव तर समदेच इचारत्यात, राव."